मुलीचं डेंटलचं कर्ज, एनएचएससीचा करार आणि डॉक्टरांची टंचाई

फ्रीमाँटच्या एका गृहस्थांनी विचारलंय: मुलगी इथेच अमेरिकेत जन्मलेली, यंदा डेंटल स्कूल संपतंय, डोक्यावर ३ लाख डॉलरच्या आसपास कर्ज. ‘डॉक्टर मिळत नाहीत अशा खेड्यात दोन वर्षं काम केलं की सरकार कर्ज फेडतं’ हे कितपत खरं? तिनं जावं का? पुण्याहून एमबीबीएस करून इथे रेसिडेन्सी (हॉस्पिटलातलं पुढचं प्रशिक्षण) करणाऱ्या भाच्याला असं काही मिळेल का? आणि मुळात अशा योजनांनी टंचाई कमी होते का, की आपल्याकडच्या बॉण्डसारखंच सगळं कागदावर?

मी कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतल्या एका कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये डॉक्टर-डेंटिस्टांच्या भरतीचं काम बघते. या योजनांचे अर्ज आमच्या बाजूनं पडताळणं, दर सहा महिन्यांनी ‘हो, ही व्यक्ती अजून इथेच काम करते आहे’ असं कळवणं, हेही माझ्याकडेच. त्यामुळे उत्तर जरा क्लिनिकच्या खिडकीतून दिलेलं असेल, ते लक्षात ठेवून वाचा.

ऐकलंत ते खरं आहे, पण सगळं कर्ज फिटत नाही आणि जागा खेडंच असते असंही नाही. तुम्ही ज्या योजनेबद्दल ऐकलंय ती बहुतेक नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरची, म्हणजे एनएचएससीची. तिचा कायदा १९७० चा. आधी शिकतानाच शिष्यवृत्ती देऊन नंतर सेवा घ्यायची पद्धत होती. शिकून झालेल्यांचं कर्ज फेडून द्यायची शाखा १९८७ मध्ये जोडली गेली. चालवते एचआरएसए ही केंद्रीय संस्था. पूर्णवेळ काम करणाऱ्या डेंटिस्टला पहिल्या दोन वर्षांसाठी जास्तीत जास्त ५०,००० डॉलर मिळतात. फॅमिली मेडिसिन, बालरोग वगैरे प्राथमिक सेवेतल्या डॉक्टरांसाठी हीच मर्यादा अलीकडे ७५,००० केली आहे, डेंटिस्टांची वाढवलेली नाही. स्पॅनिशमध्ये रुग्णाशी नीट बोलता येतं हे चाचणीतून सिद्ध केलं तर वर ५,०००. रकमेवर केंद्राचा आयकर लागत नाही, ही मोठी गोष्ट आहे. हातात ५०,००० पडायला पगारात बरीच जास्त वाढ घ्यावी लागली असती. दोन वर्षं झाल्यावर कर्ज शिल्लक असेल तर एकेक वर्षानं करार वाढवता येतो, मात्र पुढच्या वर्षांची रक्कम कमी असते.

आता जागेचं. एचपीएसए (आम्ही बोलताना ‘हिप्सा’ म्हणतो) म्हणून घोषित केलेल्या टंचाईच्या भागातलं, एनएचएससीनं मान्य केलेलं क्लिनिक लागतं. दंतसेवेसाठी साधारण ५,००० लोकांमागे एक डेंटिस्टही नसेल तर तो भाग टंचाईचा धरतात. प्राथमिक डॉक्टरांसाठी हेच प्रमाण ३,५०० ला एक. त्यात फ्रेस्नो शहराचे भाग येतात, लॉस एंजेलिसच्या वस्त्या येतात, तुरुंग येतात, तसं ट्युलेरी काउंटीतलं संत्र्याच्या बागांमधलं गावही येतं. प्रत्येक ठिकाणाला गुण असतात. दंतसेवेत २६ पैकी: लोकसंख्येच्या मानानं डेंटिस्ट किती याला १०, गरिबीला १०, जवळच्या दुसऱ्या डेंटिस्टपर्यंत पोचायला लागणाऱ्या वेळाला ५, आणि पाण्यात फ्लोराइड आहे की नाही याला १. तो शेवटचा एक गुण मला फार आवडतो. कुणीतरी समितीत हट्टानं घालून घेतला असणार.

हे गुण म्हणजे सगळा खेळ. पैसे वरच्या गुणांपासून खाली वाटत येतात आणि निधी संपला की थांबतात. २०२१ च्या करोना मदत कायद्यातून एनएचएससीला ८० कोटी डॉलर जादा मिळाले होते, तेव्हा मध्यम गुणांच्या क्लिनिकांतल्या लोकांनाही मिळून गेले. तो निधी आटल्यावर तसं राहिलेलं नाही. म्हणून भरती करणारा माणूस ‘आमचं क्लिनिक एनएचएससीला पात्र आहे’ एवढंच सांगून गप्प बसला, तर पुढचा प्रश्न लगेच विचारायचा: दंतसेवेचे गुण किती? (प्राथमिक सेवेचे वेगळे असतात, तो आकडा ऐकून भुलू नका.) आणि गेल्या काही वर्षांत तुमच्याकडे अर्ज केलेल्या डेंटिस्टांपैकी कुणाकुणाला मिळालं? गुण किती हे एचआरएसएच्या संकेतस्थळावर क्लिनिकचा पत्ता टाकून कुणालाही पाहता येतं.

यातूनच एक व्यवहाराची गोष्ट निघते. पगाराची बोलणी करताना कर्जफेडीची रक्कम शून्य धरावी. काही क्लिनिकं पगार कमी सांगतात आणि वर ‘शिवाय ५०,००० आहेतच’ असं जोडतात. ते पैसे क्लिनिकचे नाहीत, द्यायचे की नाही हे त्यांच्या हातात नाही, आणि अर्ज वर्षातून एकदाच घेतात. नोकरीचं पत्र हातात असल्याशिवाय अर्ज होत नाही, म्हणजे निकाल कळायच्या आधी नोकरी पत्करलेली असते. त्या पगारात ती नोकरी पटत नसेल तर घेऊ नये.

कोणतं कर्ज चालतं, इथे आपल्या मराठी घरांची हमखास अडचण होते. कर्ज मुलीच्या नावावर, तिच्या शिक्षणासाठी आणि मान्यताप्राप्त संस्थेकडून घेतलेलं हवं. खासगी बँकेचं शैक्षणिक कर्जही चालतं. पण आईवडिलांनी स्वतःच्या नावावर घेतलेलं पॅरेंट प्लस कर्ज चालत नाही. घरावर काढलेलं कर्ज नाही, मामांनी दिलेले पैसे नाहीत, क्रेडिट कार्ड नाही. ‘मुलीवर भार नको’ म्हणून आपण प्रेमानं जे कर्ज स्वतःच्या नावावर घेतलेलं असतं, ते या योजनेच्या दृष्टीनं अस्तित्वातच नसतं. तुम्ही सांगितलेल्या ३ लाखांपैकी किती तिच्या नावावर आहे हे आधी बघा. दुसरं, व्याज कमी होतंय म्हणून कर्जांची मोट बांधायची असेल तर तिची स्वतःची शैक्षणिक कर्जंच एकत्र करावीत. त्यात गाडीचं किंवा नवऱ्याचं कर्ज मिसळलं की पूर्ण रक्कम बाद होते.

करार मोडला तर काय, हे मी प्रत्येकाला सही करायच्या आधी कागदावर आकडे मांडून दाखवते. समजा तिनं ५०,००० घेतले आणि चौदा महिन्यांनी सोडून गेली. उरलेल्या दहा महिन्यांच्या वाट्याचे सुमारे २०,८०० परत. शिवाय न केलेल्या प्रत्येक महिन्यामागे ७,५००, म्हणजे ७५,०००. वर व्याज. मिळालेल्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट द्यावे लागतात. शेवटच्या महिन्यात जरी सोडलं तरी किमान ३१,००० आहेतच. सक्तीची भाषा नको असणाऱ्यांना हे क्रूर वाटतं, पण याच कलमामुळे क्लिनिकाला दोन वर्षांचा भरवसा मिळतो आणि म्हणून ते नवख्या डेंटिस्टवर वेळ खर्च करायला तयार होतात.

क्लिनिकच बंद पडलं किंवा तिला कारण नसताना काढलं, तर दुसऱ्या मान्य ठिकाणी बदली मागता येते. अट एवढीच की आधी परवानगी, मग पाऊल. परस्पर दुसरीकडे रुजू झालेल्यांची फार कुतरओढ होते. बाळंतपण किंवा आजारपणासाठी करार थांबवता येतो, तेवढा काळ शेवटाला जोडला जातो. एरवी वर्षातून सात आठवडे रजा, त्यात आजारपण, कॉन्फरन्स, भारतवारी सगळं आलं. लग्न पुण्यात आणि दिवाळीही पुण्यात असा बेत असेल तर एका वर्षात बसवू नका.

आता पीएसएलएफ, म्हणजे पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस. २००७ च्या कायद्यानं आलेली ही वेगळीच सवलत आहे: सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ काम करत १२० मासिक हप्ते भरले की केंद्राचं उरलेलं कर्ज माफ, करही नाही. बहुतेक कम्युनिटी हेल्थ सेंटर ना-नफा असतात, त्यामुळे दोन्ही एकाच नोकरीत चालू शकतं. लोक इथे दोन्ही रकमांची बेरीज करतात आणि फसतात. उत्पन्नाच्या प्रमाणात हप्ता असेल तर तो कर्ज किती आहे यावर ठरत नाही. मग एनएचएससीचे ५०,००० भरल्यानं हप्ता कमी होत नाही, फक्त दहा वर्षांनी माफ होणारी रक्कम तेवढी कमी होते. कुणी निश्चयानं दहा वर्षं ना-नफा संस्थेत राहणार असेल, तर एनएचएससीचा तिला जवळजवळ काहीच फायदा नाही, दंडाची टांगती तलवार मात्र आहे. पण पंचविशीतल्या कुणाचा दहा वर्षांचा निश्चय मी खरा धरत नाही. लग्न ठरतं, नवरा किंवा बायको सॅन होजेला नोकरीला असते, आणि व्हॅलीतून रोज तिथे जाता येत नाही. दहाव्या वर्षाच्या माफीपेक्षा पहिल्या वर्षात प्रत्यक्ष उतरलेलं मुद्दल मला बरं वाटतं. पीएसएलएफचे सुरुवातीच्या वर्षांतले जवळजवळ सगळे अर्ज फेटाळले गेले होते हेही विसरू नका. आता ते पुष्कळ सुधारलंय, तरी हप्ते मोजले जाताहेत ना, हे दरवर्षी तपासायचं.

तुमची मुलगी एका बाबतीत सुदैवी आहे. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या कायद्यानं १ जुलै २०२६ पासून नव्यानं कर्ज घेणाऱ्यांसाठी ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं केंद्राचं कर्ज बंद केलं. मेडिकल-डेंटलसाठी केंद्राचं कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाखांवर अडवलं. खासगी डेंटल स्कूलचा चार वर्षांचा खर्च यात मुळीच बसत नाही. पुढच्या मुलांना वरचे पैसे खासगी बँकांकडून घ्यावे लागतील, आणि त्या कर्जाला पीएसएलएफ लागू नाही, उत्पन्नाप्रमाणे हप्ताही नाही. एनएचएससी मात्र खासगी शैक्षणिक कर्जालाही चालते. माझा अंदाज असा की येत्या पाच-सहा वर्षांत तिच्या अर्जदारांची रांग बरीच वाढेल, निधी वाढो न वाढो.

कॅलिफोर्नियाची स्वतःची कॅलहेल्थकेअर्स नावाची योजना होती. तंबाखूवरच्या करातून पैसा, आणि ३० टक्के रुग्ण मेडी-कॅलचे (म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या राज्याच्या सरकारी आरोग्य विम्याचे) ठेवून पाच वर्षं काम केलं तर डॉक्टर किंवा डेंटिस्टला ३ लाखांपर्यंत. रक्कम पाहून डोळे विस्फारतात, पण अशा राज्य योजनांच्या फेऱ्या निधीप्रमाणे निघतात आणि बंद होतात. त्या भरवशावर नोकरी निवडू नये. निघाली तर अर्ज करावा. एका वेळी एकच सेवा-बंधन घेता येतं, म्हणजे एनएचएससीत असताना दुसरीकडे तेच तास विकता येत नाहीत.

आता ‘जावं का?’ याचं उत्तर. क्लिनिक चांगलं असेल तर कर्जफेड मिळाली नाही तरी जावं, आणि वाईट असेल तर मिळाली तरी जाऊ नये. नव्या डेंटिस्टला इथे जे काम दिसतं ते उपनगरातल्या प्रॅक्टिसमध्ये वर्षानुवर्षं दिसत नाही. कॅलिफोर्नियानं प्रौढांची मेडी-कॅल दंतसेवा २००९ मध्ये जवळपास बंदच केली होती, ती पूर्ववत व्हायला २०१८ उजाडलं. त्या काळात लोकांनी दातांकडे बघितलंच नाही. द्राक्षांच्या मळ्यात काम करणारा चाळिशीचा माणूस एकाच भेटीत काढायचे चार दात घेऊन येतो, आणि पाच वर्षांच्या मुलाच्या प्रत्येक दाढेत कीड असते. हात तयार होतो. शिवाय केंद्रानं मान्य केलेल्या हेल्थ सेंटरमध्ये चूकभूल झाल्यास दाव्याचं संरक्षण केंद्र सरकारकडून मिळतं, विम्याचा हप्ता स्वतः भरावा लागत नाही.

पण तिथे जाऊन एक दिवस बसल्याशिवाय होकार देऊ नये. एका डेंटिस्टमागे किती असिस्टंट आहेत? दोन खुर्च्या आणि एक असिस्टंट असं असेल तर दिवसभर उपकरणं स्वतः शोधण्यात जाईल. अडलं तर विचारायला अनुभवी डेंटिस्ट त्याच इमारतीत आहे की फोनवर? दिवसाला किती रुग्ण अपेक्षित आहेत, आणि तो आकडा कुणी ठरवला? दाढेचं रूट कॅनाल पाठवायला जवळ कोण आहे? आधीची डेंटिस्ट का गेली? या शेवटच्या प्रश्नाला मॅनेजर काय सांगतो ते ऐका आणि मग असिस्टंट काय सांगते तेही ऐका. असिस्टंटचं बहुधा खरं असतं.

या प्रश्नांतच टंचाईच्या प्रश्नाचं उत्तर आहे. कर्जफेडीच्या पैशानं माणूस येतो, पण त्या पैशानं राहत नाही. एचआरएसए सांगते की करार संपल्यावरही १० पैकी ८ हून अधिक जण टंचाईच्या भागातच काम करत राहतात. आकडा चांगला आहे, पण त्यात ‘कुठल्याही टंचाईच्या भागात’ हे धरलेलं असतं. ट्युलेरीतून सॅक्रामेंटोच्या एखाद्या हिप्सात गेलेली डेंटिस्ट देशाच्या हिशेबात राहिली, माझ्या हिशेबात गेली. आणि राहणाऱ्यांपैकी बरेच जण या कामासाठी आधीच मनानं तयार असतात. कुणी शेतमजुराची मुलगी, कुणी याच गावात वाढलेला. पैशानं त्यांचा निर्णय बदललेला नसतो, परवडणारा केलेला असतो. मला हे कमी वाटत नाही. ३ लाखांचं कर्ज असलेल्या, याच गावच्या मुलीला इथे परत येता यावं यासाठी सरकारनं पैसे खर्च केले तर त्यात वाया काय गेलं? शिकून झाल्यावर स्वतः जागा निवडून करार करणारे, शिकतानाच शिष्यवृत्तीपायी बांधून घेतलेल्यांपेक्षा जास्त टिकतात हेही वारंवार दिसलंय. एकविसाव्या वर्षी आपण काय करणार हे कुणाला माहीत असतं?

नवे डॉक्टर मात्र यातून तयार होत नाहीत. रेसिडेन्सीच्या जागांना मेडिकेअरचा, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या केंद्राच्या आरोग्य विम्याचा, पैसा लागतो, त्यावर १९९७ च्या कायद्यानं मर्यादा घातली, आणि २०२१ च्या खर्च कायद्यानं वाढवल्या त्या जागा १,०००, त्याही वर्षाला २०० या गतीनं. कर्जफेड योजना आहे त्या माणसांना इकडून तिकडे हलवते. गुणांत वरचं क्लिनिक खालच्याकडून डॉक्टर ओढतं. आमच्याही दोन गावांमध्ये ही ओढाताण चालते.

बॉण्डशी तुलना मला फार पटत नाही. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजात कमी फीत शिकवून घेतलेल्या मुलाकडून सेवा मागतात, आणि ती दिली नाही तर एमबीबीएसला १० लाख दंड. तिथे कर्ज नसतंच, उपकार असतो, आणि तो परत मागितला जातो. जागा सरकार ठरवतं. पोस्टिंग कुठे आलं यावर घरात रडारड होते. इथे जागा उमेदवार निवडतो आणि क्लिनिकही उमेदवार निवडतं. अमेरिकन पद्धत जशीच्या तशी उचलली तर तिचा फायदा कर्ज काढून खासगी आणि अभिमत कॉलेजांत शिकलेल्यांना होईल. ते वाईटच असं नाही, पण गडचिरोलीच्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ हवा असेल तर त्याला राहायला घर आणि बदलीला दुसरा भूलतज्ज्ञ आधी लागेल.

भाच्याबद्दल. एनएचएससीला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्डही चालत नाही. परिचारिकांसाठीच्या नर्स कोअरला ग्रीन कार्ड चालतं. तिथे पात्र कर्जाच्या ६० टक्के रक्कम दोन वर्षांत आणि तिसऱ्या वर्षी आणखी २५ टक्के मिळते, पण त्यावर कर लागतो. ओळखीत कुणी नर्स असेल तर सांगा. फिजिओथेरपिस्ट मंडळी मला फार विचारतात; एनएचएससीच्या यादीत ते नाहीत. भाच्यानं भारतातल्या बँकेकडून वडिलांचा फ्लॅट तारण ठेवून कर्ज घेतलं असेल तर ते इथे कुठल्याच योजनेत धरलं जाणार नाही, पगारातूनच फेडायचं.

त्याचा रस्ता वेगळा आहे आणि तोही टंचाईच्याच भागातून जातो. तो जे-१ व्हिसावर (प्रशिक्षणासाठी येणाऱ्या परदेशी डॉक्टरांना मिळतो तो) असेल तर रेसिडेन्सीनंतर दोन वर्षं भारतात परतायची अट आहे. ती माफ करून घ्यायची तर कॉनराड योजनेखाली टंचाईच्या भागात तीन वर्षं पूर्णवेळ काम करावं लागतं. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत प्रत्येक राज्याला आता वर्षाला ३० जागा मिळतात. काही राज्यांत त्या पहिल्या काही आठवड्यांतच भरतात, काहींत उरतात. त्याला कर्जफेडीऐवजी इथे राहण्याचा हक्क मिळतो, एवढाच फरक. नियम राज्यागणिक वेगळे आहेत: कुणाला आधी प्राथमिक सेवेचे डॉक्टर हवे असतात, कुणी स्पेशलिस्टांसाठीही जागा राखतं. त्याची रेसिडेन्सी तीन वर्षांची असेल तर दुसरं वर्ष संपायच्या आत क्लिनिकांशी बोलायला सुरुवात करायला सांगा. अर्ज बहुतेक राज्यांत ऑक्टोबरच्या सुमारास उघडतात, आणि तोवर सही झालेला नोकरीचा करार आणि वकील दोन्ही तयार लागतात. वकिलाची फी बरीच क्लिनिकं भरतात. न विचारता मात्र कुणी भरत नाही.